बिब्ब्याची खूण

आर्वीच्या बसस्टँडमागं माझं शिलाईचं दुकान.
समोर गिऱ्हाईक, मागं
तट्ट्याच्या आडोशाला टांगलेल्या अकरा वर्द्या.
एकही माझ्या मापाची नाही.

बाराव्या कोटासाठी बोहारणीला
झाकणासकट कुकर दिला.
"बुजगावण्याच्या आंगावरचा हाय," ती म्हणाली,
"वाढोण्याच्या शिवारातला.
रानडुकरं वळखतात त्याले."

माणसाआधी मी कपडा वाचतो.
उजवा खांदा बोटभर उतरता,
कोपरं झिजून जाळी झालेली,
दोन गुंड्या पितळी, तीन साध्या शर्टाच्या,
खिशाच्या शिवणीत तुरीचा एक दाणा,
आणि छातीशी, डाव्या बाजूला,
हरभऱ्याएवढं गोल भोक.

त्या भोकातून मी कितीतरी रात्री पाहिलं.
बर्फ दिसला, जो मी जन्मात पाहिला नाही.
कडा दिसला. कुणीतरी खाली बसताना दिसलं.
सगळ्या कोटाला हात लावला,
तेवढं भोक रफू केलं नाही,
इतिहासाला टाका घालू नये म्हणून.
(घमेंडच ती.)

नावाची पट्टी कुणी उसवून नेलेली.
पण कॉलर उलटली तर
धोब्यानं बिब्ब्याच्या शाईनं केलेली खूण:
तीन टिंबं, एक फुली, आणि "ढो".
पट्टी सरकारची, ती उसवते.
बिब्बा कापड असेतो राहतो.

वर्ध्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात
सिडामबाबूंनी तीन खेपा नुसता चहा पाजला,
चौथ्या खेपेला रजिस्टर काढलं.
ढोबळे दोन: एक वारलेले, एक पुण्याला लेकाकडं.
ढोले. ढोमणे.
आणि पान फाटलं होतं तिथं
ढोके यू., मुक्काम वाढोणा,
जन्मतारीख: पोळ्याच्या सुमारास.

यू म्हणजे उकंडा.
आधीची दोन लेकरं जगली नाहीत
म्हणून उकिरड्यावर ठेवून उचललेला.
तो जगला, कोट झिजवला,
आणि मी पोचायच्या सहा वर्षं आधी गेला.

पंचफुलाबाई अंगणात चिंचा फोडत होत्या.
कोट मांडीवर ठेवला.
वास घेतला नाही, डोळे पुसले नाहीत,
आधी खिसे उलटे करून पाहिले.
"भाच्यानं देल्ला थ्या बाईले. मले न इचारता."

मी भोकावर बोट ठेवलं.
आवाज आपोआप खाली आला.
"ही गोळी..."

"कायची गोळी जी? बिडीचं हाय थे.
लांगरी होते थे.
दोनशे मानसाइची कनिक तिंबत.
कोपरं पाहा ना."

कोपरं मी पाहिली होती.
टेप लावून मोजलीही होती.

चिंचोक्यांचा ढीग होईतो त्या बोलल्या नाहीत.
मग बोलल्या ते चिंचेकडं पाहूनच:
"एका राती सतरा जनाइच्या पोया उरल्या म्हने.
कोनी हात लावला नाही.
घरी आल्यावर जल्मभर मोजून केल्या मी.
एक उरली तं पानावरून उठून जायेत."

वहीत बाराव्या पानावर लिहिलं:
भोक, बिडी.
कोपर, कणीक.
पुढं सतरा लिहिलं आणि समोर काय लिहावं कळेना.

"ठेवा तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या,
"पन तुरीत डुकरं येऊन राहिली.
काहीतरी द्या उभं कराले."

अंगातला सदरा काढून दिला.
बनियनवर एसटीत बसलो,
मांडीवर कोट.
कंडक्टरनं तिकीट फाडलं, कोटाकडं पाहिलं,
सुट्टे नाहीत म्हणाला नाही.

आता वाढोण्याच्या तुरीत माझा सदरा उभा आहे.
बाहीला खडूची भुकटी,
कॉलरीत विसरलेली सुई, दोरा ओवलेला.
शनिवारी बाजाराला आलेल्या भाच्याबरोबर
पंचफुलाबाईंचा निरोप आला:
डुकरं बिचकत नाहीत अजून.
वळख पडाले वेळ लागते.